व्यापार करारात औषधांचे भवितव्य कसे शोधावे

अलेम्बिक या औषध कंपनीची स्थापना १९०७ साली ज्या बडोद्यात झाली, तेथील मराठी घरांना औषधनिर्मिती नवी नाही. तरीही व्यापार करार झाला की आपण आयात शुल्काचा तक्ताच वाचतो. औषधांसाठी तो तक्ता बाजूला ठेवावा, वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून करारातील बौद्धिक संपदेचे प्रकरण उतरवून घ्यावे आणि शेजारी १९७० चा पेटंट कायदा उघडावा.

कायदा शेजारी हवाच, कारण ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयक करारामुळे १ जानेवारी २००५ पासून केवळ प्रक्रियेवर नव्हे, तर औषधावरच पेटंट देणे भारताला भाग पडले, परंतु संसदेने काही वाटा मोकळ्या ठेवल्या. कलम ३ (डी) नुसार जुन्या औषधाच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट मिळत नाही. त्यावरच १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधाचे पेटंट नाकारले. कलम ८४ खाली मार्च २०१२ मध्ये नेक्सावार या कर्करोगाच्याच औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला उत्पादनाची मुभा, दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आला.

आता करारात याच वाटा अरुंद करणारी वाक्ये शोधावीत. पेटंटची मुदत २० वर्षांपलीकडे वाढते का, चाचण्यांच्या माहितीवर मक्तेदारी मिळते का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर सौम्य भासणाऱ्या ओळींवर थांबावे, कारण माझ्या मते खरा धोका तेथेच असतो. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेला ब्रिटनबरोबरचा करार औषधे उपलब्ध करण्यासाठी ऐच्छिक, म्हणजे पेटंटधारकाने स्वतःहून दिलेल्या, परवान्यांना पसंती देतो. सक्तीच्या परवान्याचा हक्क त्याने जात नाही, मात्र तो वापरू पाहणाऱ्या सरकारपुढे ही ओळ ठेवली जाईल.

पेटंटधारकाने पेटंटच्या वापराचे विवरण सरकारला किती वर्षांनी द्यायचे, हा तपशीलही किरकोळ समजू नये. औषध रुग्णांपर्यंत पुरेसे पोहोचत नसल्याचा पुरावा नेक्सावारच्या प्रकरणात कंपनीच्याच विवरणांतून मिळाला होता. मार्च २०२४ च्या नियमांनी हे वार्षिक विवरण तीन वर्षांतून एकदा केले.

करार बदलणे आपल्या हाती नसले, तरी पेटंट कायद्याच्या कलम २५ (१) खाली पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. हरकतीत जुन्या औषधाचे नाव, ते आधीपासून ज्ञात असल्याचा छापील पुरावा आणि कलम ३ (डी) चा स्पष्ट उल्लेख असावा.