चाकरमान्यांचा पैसा पावसाआधी गावाच्या कामी कसा लावावा

आमच्या श्रीवर्धन तालुक्यात घरटी एक तरी माणूस मुंबईला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा ज्या घरात मुंबईचा पगार चालू होता त्या घरावर पत्रे आधी चढले. पण वादळानंतर आलेला पैसा डागडुजीतच जातो. तो आधी कामाला लागावा म्हणून आम्ही बचत गटाच्या बायका आणि मुंबईतल्या गावकऱ्यांचं मंडळ मिळून जे करतो, ते सांगते.

गणपतीला सगळे येतात. तेव्हा आरतीनंतर पाणी अडवायच्या बंधाऱ्याची बैठक घ्या, काम मात्र काढू नका. वहाळ, म्हणजे गावचा ओढा, तेव्हा दुथडी भरलेला असतो. बंधारा कुठे, गोण्या कोण जमवणार, एवढं ठरवा. सभामंडपाची वर्गणी चटकन जमते, त्याच वेळी पाण्याची वेगळी पावती फाडा. जागा मात्र विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारूनच ठरवा.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी उतरतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरा, तोंडं शिवा, वीटकामासारखे सांधे मोडत रचा, मधल्या फटीत माती चोपा. आपल्याकडे पाऊस उदंड, पण इथल्या जांभ्या दगडात पाणी थांबत नाही आणि हल्ली तो चार दिवसांत कोसळून मग दडी मारतो. विहिरीच्या वरच्या अंगाला वहाळ अडवला की उन्हाळ्यात तिचं पाणी जास्त टिकतं.

वाडी पुन्हा लावताना आधी केळी लावा, त्यांच्या सावलीत सुपारीची रोपं. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढी वर्षं घर चालवायला मुंबईचा पगार असेल तरच माणूस पुन्हा वाडी लावायला धजतो, नाहीतर जमीन विकून मोकळा होतो. मला ही मदत सगळ्यांत मोलाची वाटते.

आता सह्यांचं. सातबारा सामाईक, चुलते बोरिवलीला, आत्या नालासोपाऱ्याला. पंचनामा होतो, पण भरपाई एकाच्या खात्यात जायला बाकीच्या हिस्सेदारांची संमती मागतात, आणि इथे राबणारा माणूस हात चोळत बसतो. मे महिन्यात सगळे घरी असताना संमतीपत्रावर सह्या घ्या, आधारच्या झेरॉक्स एका फाइलीत लावा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे तेव्हाच अर्ज द्या. यात पैसा फारसा लागत नाही, भावकीत गोडी लागते.

वादळात वीज जाते, टॉवर बंद पडतात. मग मुंबईहून फोनवर पैसे धाडून उपयोग नाही. मे संपायच्या आत गटाच्या पेटीत थोडी रोख, ताडपत्र्या, दोर, सौर दिवे ठेवा. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची यादी झाकणाच्या आतून चिकटवा आणि कोणाच्या घरी कोण धावेल ते नावानिशी लिहा. पेटी उघडलीच, तर फोन सुरू होताच हिशेबाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाका.