पाळी जायच्या वयात रात्री झोप मोडते? ध्यान असं करून पाहा

साधारण ४५ ते ५५ या वयात पाळी जाते. सलग १२ महिने आली नाही, की ती गेली असं डॉक्टर धरतात. पण खरा ताप सुरू होतो त्याच्या आधीपासून. इस्ट्रोजेन कमी-जास्त होतं, अंगाचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र हळवं होतं, आणि जराशा उष्म्यानंही अंगातून वाफा निघतात. रात्री दोन-अडीचला पोलकं घामानं भिजून जाग येते. घाम काही मिनिटांत ओसरतो, पण डोकं जागं होतं ते होतंच. कापसाचा भाव, पोरीचं लग्न, सकाळचं निंदण, सगळं तेव्हाच आठवतं. ध्यान कामी येतं ते इथं. त्यानं वाफा बंद होतील अशी आशा धरू नका. वाफ गेल्यावर परत झोप लागणं तेवढं सोपं होतं.

सुरुवात मात्र दिवसा करा. अडीच वाजता पहिल्यांदा करायला घेतलं तर वैतागच येईल. सांजवात झाली की स्वयंपाकाला लागायच्या आधी १० मिनिटं काढा. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जात असाल, तर शांत बसायची सवय तुम्हाला आहेच. मांडी घालायलाच पाहिजे असं काही नाही. दिवसभर वावरात वाकलेल्या गुडघ्यांवर कशाला जुलूम? भिंतीला पाठ टेकवा, पाय पसरा, डोळे मिटा. नाकानं श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. दम लागला तर तीन आणि चार. आकडा गौण आहे, सोडायचा श्वास लांब पाहिजे. मध्येच मन जाईल, वरण उतू गेलं का, मोटारीची लाईन आली का. लक्षात आलं की पुन्हा एकपासून. असं शंभरदा झालं तरी चालतं.

आठ-पंधरा दिवसांत हे अंगवळणी पडलं, की झोपताना बाजेवर पडल्या पडल्या एकेका अवयवाकडे लक्ष न्या. योगगुरू स्वामी सत्यानंद सरस्वतींच्या योगनिद्रेत, म्हणजे पडून करायच्या ध्यानात, ही फेरी उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू होते: अंगठा, बोटं, तळवा, मनगट, कोपर, खांदा, मग कंबर, मांडी, पाऊल. नंतर डावी बाजू, पाठ, मग चेहरा, छाती आणि पोट. जिथं लक्ष जाईल तो भाग सैल सोडायचा. जबडा विसरू नका. काही बाया दात आवळूनच झोपतात. मध्येच झोप लागली तर उत्तम, फेरी पुरी करायची सक्ती नाही.

आता रात्रीची वेळ. उशाशी तांब्याभर पाणी आणि ओला दुपट्टा ठेवा. छातीतून मानेकडे, तोंडाकडे वाफ चढू लागली की पांघरूण सारा, दुपट्टा मानेवर ठेवा, तळहात पोटावर, आणि तोच लांब श्वास सोडत राहा. कुठं गरम वाटतं, कुठून घाम सुटतो, नुसतं पाहा. घड्याळ आणि मोबाईल दोन्हीकडे बघू नका. बराच वेळ झाला, कूस बदलून कंटाळा आला, तर उठून ओसरीत मंद उजेडात बसा. डोळे जड झाले की परत बाजेवर.

संध्याकाळनंतरचा चहा आणि खर्रा सुटला नाही, तर ध्यानाचा अर्धा गुण तिथंच जातो. तंबाखूतलं निकोटिन झोप उडवतं. कूलर मे महिन्यात ठीक आहे, पण पावसाळ्यात खोलीतला दमटपणा वाढतो आणि घाम वाळत नाही; तेव्हा नुसता पंखा आणि सुती लुगडं बरं.

महिनाभर करूनही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा मन सारखं उदास राहत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीबद्दल विचारा. लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत न्या. वाफांवर औषधं आहेत, डॉक्टर तब्येत पाहून देतात. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर सोयाबीनची सोंगणी होऊ दे म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.