सुरुवात झिरकोनियमपासून करा

न्यूट्रॉनबहुल केंद्रकांत गोल आणि लांबट आकार एकत्र नांदतात. या विषयात पीएचडीला येणाऱ्या मुलांना मी आधी रिव्ह्यू पेपर देत नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या एनएनडीसी या केंद्रक-माहिती केंद्राच्या साइटवर सगळी आकडेवारी मोफत आहे. तिथून झिरकोनियमच्या केंद्रकांच्या ऊर्जा-पातळ्या उतरवून आलेख हाताने काढायला सांगते.

पहिली २+ पातळी बघा (२ हा स्पिन, म्हणजे केंद्रकाचा कोनीय संवेग; + हे सममितीचं चिन्ह). झिरकोनियम-९६ मध्ये ती १७५० केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), ९८ मध्ये १२२३ वर आणि १०० मध्ये थेट २१२ वर! लांबट केंद्रक सहज फिरतं, म्हणून पातळी इतकी खाली येते. आता दुसरी ०+ बघा: ९८ मध्ये ८५४, १०० मध्ये ३३१. लांबट आकार १०० मध्ये नव्याने आलेला नाही. तो ९८ मध्येही होता, पण वरच्या पातळीवर; १०० मध्ये ६० न्यूट्रॉन होताच तो तळाशी, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या पातळीवर, आला आणि गोल आकार वर गेला. मला हा विषय इथेच आवडला, अजून आवडतो.

कारणही समजून घ्या. प्रोटॉन ‘जी ९/२’ नावाच्या वरच्या कक्षेत चढवायला ऊर्जा लागते, पण तिथे गेल्यावर ‘जी ७/२’ कक्षेतले न्यूट्रॉन त्यांना जोरात ओढतात आणि खर्च भरून निघतो.

मात्र खाली आलेली ०+ पातळी हा दोन आकार एकत्र असल्याचा फक्त इशारा आहे, पुरावा नव्हे. मुलाखतीत हे सांगता आलं पाहिजे. ०+ कडून ०+ कडे जाताना एकटा गॅमा फोटॉन निघूच शकत नाही. इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. या संक्रमणाची तीव्रता आकारांची सरमिसळ दाखवते. त्यामुळे गॅमा मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरबरोबर इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरवरही हात बसवा. मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर गॅमा मोजणी उत्तम शिकता येते, पण तिथल्या संलयन अभिक्रियांतून बहुतेक न्यूट्रॉन कमी असलेलीच केंद्रकं मिळतात. न्यूट्रॉनबहुल बीमसाठी सर्नचं आयसोल्डे, जपानचं रिकेन किंवा फ्रान्सचं गॅनिल गाठावं लागतं, म्हणून प्रस्ताव लिहायला लवकर शिका.

धीरही लागतो. मॅग्नेशियम-३२ ची ८८५ केईव्हीची पातळी १९७९ मध्ये कळली होती, आणि त्या केंद्रकाची तळाची पातळी लांबट आहे हे पुढे स्पष्ट झालं. त्याच केंद्रकातली, गोल मानली गेलेली १०५८ केईव्हीची ०+ पातळी मात्र २०१० मध्ये सापडली. आयसोल्डेत मॅग्नेशियम-३० चा बीम ट्रिटियमवर (दोन न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनवर) सोडून मॅग्नेशियममध्ये दोन न्यूट्रॉन घातले, तेव्हा ती दिसली.