बर्निनीचा सांगाडा चुकवू नका

रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये शिरलेला माणूस मायकेलअँजेलोचे ‘पिएता’ हे शिल्प आणि मधल्या वेदीवरचे छत्र पाहून बाहेर पडतो; सतराव्या शतकातला शिल्पकार बर्निनी याने घडवलेली पोप अलेक्झांडर सातवा याची समाधी मात्र राहून जाते. त्या काळी पोप मध्य इटलीचा राजाही असे.

१. सकाळी ७ वाजता दार उघडते, तेव्हाच रांगेत उभे राहा. नऊनंतर तपासणीची रांग चर्चसमोरच्या चौकाला वळसा घालते. प्रवेश मोफत आहे, चौकात तिकीट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

२. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी ठेवावी. खिशातला चाकू खोलीवरच राहू द्या.

३. आत गेल्यावर डावी बाजू धरून सरळ चला. चर्च क्रुसाच्या आकाराचे आहे; त्याच्या डाव्या भुजेच्या पुढे, मागच्या टोकाकडे नेणाऱ्या वाटेत समाधी आहे.

४. आधी समोरच्या भिंतीला पाठ लावून पाहा. वर गुडघे टेकलेला पोप, खाली खरे दार, आणि त्यावरचा जड लाल दगडी पडदा उचलून वाळूचे घड्याळ दाखवणारा सोनेरी सांगाडा. पडदा सिसिलीच्या जास्परचा आहे, कापड वाटतो. मग जवळ जा. उजवीकडची ‘सत्य’ दाखवणारी स्त्रीमूर्ती मूळची नग्न होती. तिच्यावरचे वस्त्र नंतर धातूचे करून पांढरे रंगवलेले आहे. मागच्या दोन मूर्ती अर्ध्या झाकलेल्या, त्यांच्यासाठी लहान दुर्बीण कामी येते.

बुधवारी सकाळी चौकात पोपची जाहीर भेट असली की चर्च दुपारपर्यंत बंद राहू शकते. प्रार्थना चालू असताना हा भाग दोरी लावून अडवतात, तेव्हा पहारेकऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.