स्कॅनर नंतर, आधी पेन्सिल

चर्चची शताब्दी किंवा अमृतमहोत्सव दोनेक वर्षांवर आला की कमिटीत कुणीतरी म्हणतंच, ‘स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करा.’ तुमच्याकडेही तसं ठरलं असेल, तर ईस्टर आटोपल्याबरोबर कामाला लागा आणि पाऊस पडायच्या आत पहिला टप्पा उरका. आमच्या वसईत जून लागला की कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते. शंभर वर्षांचा कागद त्या हवेत उघडून बसायचं नाही. शिवाय मे महिन्यात लग्नांच्या निमित्तानं कुवेत-दुबईची मंडळी घरी आलेली असतात आणि म्हाताऱ्या माणसांना ओट्यावर बसून बोलायला सवड असते. या दुसऱ्या कारणाचं महत्त्व पहिल्यापेक्षा जास्त आहे, ते पुढं येईलच.

सुरुवात फादरांच्या लेखी परवानगीनं. तोंडी ‘हो, करा ना’ वर थांबू नका. फादर बदलतात आणि नव्या फादरांपुढं सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. अर्जात कॅथलिक चर्चच्या कायद्याची (कॅनन लॉ) दोन कलमं लिहायला हरकत नाही. कलम ५३५ नुसार प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या असल्याच पाहिजेत आणि जुन्या वह्याही जपल्या पाहिजेत. कलम ४९१ म्हणतं, दस्तऐवजांची यादी दोन प्रतींत करा. एक चर्चमध्ये, दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरात. म्हणजे आपण काही नवीन खूळ काढत नाही, राहून गेलेलं काम करतोय.

त्याच भेटीत सॅक्रिस्टीतलं (वेदीजवळच्या, पूजेचं सामान ठेवायच्या खोलीतलं) कपाट, माळा आणि ऑफिसातली पेटी बघून घ्या आणि काय-काय आहे ते नुसतं लिहून काढा. अजून काही हलवायचं नाही. एखाद्या काळातली वही सापडली नाही तर लगेच ‘हरवली’ असा शेरा मारू नका. वसई धर्मप्रांत १९९८ सालचा. त्याआधी आपण मुंबईच्या महाधर्मप्रांतात होतो, आणि १९२८ पर्यंत इथली चर्चं पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या आश्रयाखालच्या, दमण धर्मप्रांतात होती. त्यामुळं एखादा कागद मुंबईत किंवा गोव्यात निघू शकतो. वसईहून गेलेली नारोशंकराची घंटा बघायला नाशिकला जावं लागतं, तसंच हे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर चर्चच्या घंटा कुठल्या कुठल्या देवळांत गेल्या. कागदांनीही आपापल्या वाटा धरल्या.

आता सामान. मऊ शिशाच्या दोन डझन पेन्सिली, रंगकामाचा मऊ ब्रश, धुतलेलं सुती कापड, दोन लहान उशा, अ‍ॅसिड-फ्री कागदाची पाकिटं आणि मोबाइल वरून खाली बघेल असा स्टँड. काय आणायचं नाही ते त्याहून महत्त्वाचं: सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, रबरबँड, बॉलपेन. लॅमिनेशनवाल्याच्या तर दारातही जायचं नाही. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही.

नोंदवह्या उघडताना हात धुऊन कोरडे करा, आणि वही उशांवर अर्धवट उघडा. पूर्ण सपाट केली की कणा मोडतो. जुनी काळी शाई लोखंडाच्या क्षारांची असते. ती वर्षानुवर्षं कागद खाते आणि काही पानांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं दिसतात. अशी पानं बोटानं उलटायची नाहीत, खालून कोरा कागद सरकवून उलटायची. सपाट स्कॅनरवर वही पालथी घालू नका. स्टँडवरून फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. आधी पानं मोजा आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडे घाला, म्हणजे कुठलं पान सुटलं ते कळतं.

बाइंडिंगचा मोह आवरा. आमच्याकडं एक जुनी बाप्तिस्म्याची वही उत्साहाच्या भरात शहरातल्या बाइंडरकडं दिली होती, आणि पाठवणाऱ्यांत मीही होतो. परत आली ती लाल कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, अगदी नवरीसारखी. पण त्यानं कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं होतं. ज्याचा बाप्तिस्मा त्याचं पुढं लग्न कधी, कुठल्या चर्चमध्ये झालं ते त्या नोंदीच्या समासात लिहितात. १९०८ पासून तसा नियमच आहे. आमचे समास त्या बाइंडरच्या कचऱ्याच्या टोपलीत गेले. ‘डिमेलो’तलं ‘डिमे’ एवढंच उरलेली एक नोंद मी अजून विसरलेलो नाही.

वाचायला बसण्याआधी पोर्तुगीज किंवा लॅटिनचे चार शब्द वहीच्या मागं लिहून ठेवा: पाद्रिन्यु म्हणजे धर्मपिता, माद्रिन्या म्हणजे धर्ममाता, फिल्यु लेजितिमु म्हणजे औरस मुलगा. आणि महिन्यांचा एक सापळा आहे. पोर्तुगीज लिहिणारे सप्टेंबरसाठी ७ चा आकडा काढून पुढं ‘ब्रो’ जोडायचे. तो जुलै नव्हे. रोमनांच्या मूळ दिनदर्शिकेत सप्टेंबर सातवा होता, म्हणून हा आकडा. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचं चिन्ह म्हणजे डिसेंबर. हे ठाऊक नसेल तर जन्माआधी बाप्तिस्मा झालेली मुलं सापडतात.

नोंदवह्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्यांत दत्तक मुलं आहेत, बापाचं नाव नसलेली मुलं आहेत, मोडलेली लग्नं आहेत, आणि त्यांची नातवंडं पुढच्याच बाकावर बसतात. स्मरणिकेत काय छापायचं ते फादर आणि कमिटीनं बसून ठरवावं.

फोटोंकडं आलं की स्कॅनरची घाई सुटते. आवरा. स्कॅन दहा वर्षांनीही होईल. नाव सांगणारी बाई दहा वर्षांनी असेलच असं नाही. नव्वदी गाठलेल्यांची यादी करा आणि आधी त्यांच्याकडं जा. फोटोची मोठी झेरॉक्स काढून न्या, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि आकड्यासमोर नाव लिहा. मूळ फोटोच्या मागं लिहायचंच तर पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. नुसतं ‘लोपीस’ किंवा ‘डिमेलो’ लिहून भागत नाही. एका आळीत त्याच नावाचे चार निघतात. घराण्याचं नाव, आळी, बापाचं नाव आणि लोक हाक मारायचे ते टोपणनाव, सगळं हवं. कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, घरात गेलात तर म्हातारीला कादोडीत, त्यांच्या बोलीत, बोलू द्या आणि मोबाइलवर आवाज घ्या. प्रमाण मराठीत उत्तरं मागितली की ती दोन शब्दांत आटपते.

साल आठवत नसलं तर फोटोच बोलतो. दृढीकरणाच्या (बिशपांच्या हातून होणाऱ्या संस्काराच्या) फोटोत मधोमध मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस असतील आणि अंगावर कार्डिनलचा पोशाख असेल, तर फोटो १९५३ नंतरचा. वेदी भिंतीला टेकलेली आणि मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) चालू असताना फादरांची पाठ लोकांकडं असेल, तर बहुधा १९६५ च्या आधीचा. पोप सहावे पॉल १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, आले होते. ‘पोपसाहेब आले त्याच्या आधी की नंतर?’ असा प्रश्न विचारून बघा, त्या पिढीला तारखेपेक्षा हा खुंटा पक्का आठवतो. लाल लुगड्यातल्या बायका किती आणि फ्रॉकमधल्या मुली किती, यावरूनही दशकाचा अंदाज येतो.

फोटो मागून नेऊ नका. स्कॅनर घेऊन त्यांच्या घरी जा आणि त्यांच्यासमोर काम करून फोटो हातात परत द्या. नेलेला फोटो परत न आल्याची कथा प्रत्येक घरात आहे. लहान फोटो ६०० डीपीआयवर घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच टिपा. रंगीत फोटो आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आधी घ्या: सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडत चाललेत आणि कॅसेटला बुरशी लागते, तर नीट धुतलेला कृष्णधवल फोटो अजून थांबेल. फाइलला साल, गाव, प्रसंग आणि क्रमांक असं नाव द्या. एक प्रत चर्चमध्ये, एक बिशप हाऊसला, एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून.

फोटोंच्या नादात पत्रकं विसरू नका. हरित वसईच्या चळवळीतली पत्रकं, शाळा बांधताना फाडलेल्या वर्गणीच्या पावत्या, ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक, क्रूसाच्या सणाचे हिशेब, लॅटिन मिस्साग्रंथ, हे सगळं लोक रद्दीत घालतात. दफनभूमीतले दगड सकाळी तिरप्या उन्हात टिपा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू फासायचा नाही, तारेचा ब्रश तर नाहीच.

शेवटी ज्यांची ओळख पटली नाही ते फोटो मोठे करून रविवारी चर्चच्या आवारात दोरीवर लावा. प्रत्येकाखाली कोरा कागद आणि पेन्सिल. पेन्सिली दोऱ्यानं बांधा. नाहीतर दुसरा मिस्सा सुटेपर्यंत एकही जागेवर राहत नाही.