ऑटोमाउंटरच्या कुलपात अडकलेले माझे अडीच महिने

नोकरीचं पहिलं वर्ष. लातूरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीच्या ऑटोमाउंटरवर काम करत होतो; म्हणजे लागेल तेव्हा दूरच्या सर्व्हरवरची डिरेक्टरी आपोआप जोडणारा (माउंट) आणि वापर थांबला की उतरवणारा (उमाउंट) प्रोग्राम. तक्रार एकच होती: दिवसातून एखाद्या वेळी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' यायचं, पुन्हा एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं की फाइल जागेवर.

मी आधी यूस्लीप, म्हणजे कोडमध्ये क्षणभराचा थांबा, टाकला. रोजची तक्रार आठवड्यावर गेली, साहेब खूश. असलं करू नका. काय चाललंय ते छापायला प्रिंटएफ टाकलं तर बग गायबच, कारण त्यानं वेळेचं गणित बदलतं. मग चिडून माउंट संपेपर्यंत एकच मोठं कुलूप (लॉक; एका वेळी एकालाच आत सोडणारं) धरून ठेवलं. एक एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली देणारा) बंद पडला आणि जीडीबी या डीबगरमध्ये पाहतो तर सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं, त्याच कुलपापाशी रांगेत.

खरी गोम अशी. वापरात नसलेले माउंट उतरवणारा एक्स्पायर थ्रेड लॉक घेऊन बघतो, डिरेक्टरी कुणी वापरत नाही. उमाउंटला वेळ लागतो म्हणून लॉक सोडतो. तेवढ्यात फाइलची वाट शोधून देणारा लुकअप थ्रेड येतो, 'माउंट आहे' वाचून हो म्हणतो. मग पहिला उमाउंट करतो. थ्रेड सॅनिटायझर (लॉकशिवाय केलेलं वाचन-लेखन पकडणारं साधन) काहीच बोलत नाही, कारण प्रत्येक वाचन-लेखन लॉकखालीच आहे! यात माझे तीन आठवडे गेले.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. लॉक सोडायच्या आधीच 'उतरवतोय' अशी अवस्था लिहून ठेवायची, उमाउंट बाहेर करायचं, लुकअपनं कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडनं उठवेपर्यंत झोपायची सोय) थांबायचं. उत्तर देताना शेवटच्या वापराची वेळ त्याच लॉकखाली ताजी करायची, म्हणजे एक्स्पायर लगेच मागे लागत नाही.

आणि इथंच मी दुसऱ्यांदा आपटलो. थांबण्याभोवती इफ लिहिला होता, म्हणजे अट एकदाच तपासायची. थांबवणारं फंक्शन पीथ्रेड_कॉन्ड_वेट झोपताना लॉक सोडतं, उठल्यावर पुन्हा घेतं. मधल्या काळात तिसरा थ्रेड येऊन अवस्था बदलून गेलेला असू शकतो. शिवाय कुणी न उठवताही जाग येऊ शकते, पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाला ते मान्य आहे. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा टँकरच्या रांगेत घागर ठेवून चहाला गेलात तर परत आल्यावर नंबर तोच आहे का हे बघावंच लागायचं. तसंच हे: उठलात की पुन्हा तपासा, म्हणजे इफऐवजी व्हाइल, जो अट पुन्हा पुन्हा तपासतो.

मला हे कुणी कोड लिहून देऊन शिकवलं नाही. एका सीनियर बाईंनी कागदावर दोन रकाने आखायला लावले, दोन थ्रेडांचे. तुमचा कोड स्वतःच टाइप करून देणारा गुरू मी तरी मानत नाही. आणि कुणी 'लेझी उमाउंट (वापर चालू असतानाच माउंट काढून टाकणं) कर, सुटलास' म्हणालं तर हात जोडा. जुन्या प्रक्रिया जुन्याच माउंटला चिकटून बसतात.

कोडच्या रिव्ह्यूत एकानं विचारलंच, "व्हाइल कशाला? इफ पुरतंय की." त्याला टँकरची गोष्ट सांगितली. गडी कोकणातला, त्याला रांग काही पटली नाही. मग त्या मधल्या काळाच्या फटीत पाच सेकंदांचा स्लीप टाकला, माउंट उतरवायचा टाइमआउट एक सेकंदावर आणला आणि दोन टर्मिनल उघडून दाखवलं.