‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरबाबत या चुका टाळा

निवृत्त मुख्याध्यापक सर कापडी पिशवीत कॅबिनेट घालून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले आणि टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाले, “व्हायरस आलाय. फॉरमॅट मारून द्या, संध्याकाळपर्यंत हवाय.” फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. मी म्हटलं, “सर, आधी बघू तरी द्या.” मशीन चालू केलं. डेस्कटॉपवर शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे फोटो होते, पण एकही उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल. तिच्यात मागणी होती: फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत संपर्क केला तर ४९०.

हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवायला खंडणी मागणारा प्रोग्राम. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखलं जाणारं हे कूळ मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती कॉम्प्युटरच्याच मागे असतं. त्याची नेहमीची वाट म्हणजे क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर. सरांना स्मरणिकेसाठी मराठी टाइप करायचं होतं. भाच्याने कुठून तरी मराठी टायपिंगच्या महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅक उतरवून दिलं. सोबतच्या सूचनांमधली पहिलीच ओळ होती, ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.’ त्याने तो बंद केला.

ही ओळ दिसली की तिथेच थांबा. विंडोज किंवा ऑफिसचा ॲक्टिव्हेटर असो, गेम असो, फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर असो, राखणदाराला आधी घरी पाठवा म्हणणाऱ्याला दार उघडायचं नाही. आणि मराठी टाइप करायला तर काहीच उतरवावं लागत नाही. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये आणि विंडोज ११ मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आधीपासूनच आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर मराठी जोडा, तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत ‘namaskar’ असं दाबत गेलात की समोर ‘नमस्कार’ उमटतं. हे सरांना आधी कुणी दाखवलं असतं तर पन्नास वर्षांचे फोटो वाचले असते. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

सरांची दुसरी चूक अधिक महाग पडली. त्यांच्याकडे बॅकअप होता. एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क, मुलीने आणून दिलेली. पण ती दिवसरात्र कॉम्प्युटरला जोडलेलीच असायची. रॅन्समवेअर सी, डी, ई असे सगळे ड्राइव्ह चाळतं. त्याला ती डिस्क दिसली आणि तिच्यावरच्या प्रतीही कुलूपबंद झाल्या. बॅकअपची डिस्क कॉपी होईपर्यंतच जोडायची, मग काढून कपाटात. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. घरातली खरोखर मोलाची कागदपत्रं आणि निवडक फोटो तिथेही ठेवा. एक प्रत मशीनवर, एक कपाटात, एक बाहेर.

आता त्या फॉरमॅटबद्दल. घाबरलेला माणूस पहिली मागणी फॉरमॅटचीच करतो, आणि घाईतला दुकानदार ती ऐकतोही. पण फॉरमॅटने व्हायरस जातो तसा सुटकेचा उरलासुरला रस्ताही जातो. रॅन्समवेअरच्या काही जुन्या प्रकारांची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला, त्याच्या वेबसाइटवर कुलूपबंद फाइलचा नमुना आणि खंडणीची चिठ्ठी देऊन आपला प्रकार तपासता येतो. सरांच्या प्रकाराला किल्ली निघाली नाही. तरीही मी ती डिस्क काढून, तारीख लिहून त्यांच्या हवाली केली आणि मशीनमध्ये नवीन एसएसडी डिस्क घातली. किल्ल्या कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी सापडतात. पैसे मात्र पाठवू नका; पाठवूनही फाइली मिळतीलच याची हमी कुणीही देत नाही.

ज्याला व्हायरस म्हणतात, तो नसतो

माझ्याकडे येणाऱ्या ‘व्हायरस’पैकी बरेचसे व्हायरसच नसतात. शेजारच्या वहिनींच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकट यायची: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, लगेच साफ करा. वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. झालं होतं एवढंच, की मालिकेचा भाग बघताना एका वेबसाइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ विचारलं आणि त्यांनी ‘अलाऊ’ दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसते. अनोळखी नावं काढून टाकली की चौकटी बंद. चूक होते ती त्या चौकटीवर क्लिक करून ‘क्लीनर’ उतरवण्यात. खरा उपद्रव तिथून सुरू होतो.

दुसरा नेहमीचा प्रकार: बँकेची, गुगलची, कुठलीच साइट उघडत नाही, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. अशा वेळी आधी घड्याळाकडे बघा. जुन्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की मशीन बंद केल्यावर तारीख अनेक वर्षं मागे जाते, आणि साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांच्या मुदतीचा हिशेब जुळत नाही. २०३२ नंबरचा सेल बदलला की काम झालं. आणि कॉम्प्युटर नुसता मंद चालतो म्हणून अँटिव्हायरसवर अँटिव्हायरस चढवू नका. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन आणखी रखडतं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर अंगचाच आहे. तो चालू असेल, अपडेट होत असेल, तर बहुतेक घरांना तेवढा पुरतो. दुसरा विकत घेतलात तर तो एकच ठेवा, आणि त्याची मुदत संपली की नवी भरा किंवा पूर्ण काढून टाका. मुदत संपलेला अँटिव्हायरस खाली घड्याळाजवळ नुसता बसून राहिला की घरच्यांना वाटतं, आपल्याला संरक्षण आहे.

आपल्याच हाताने

गेल्या काही काळात पसरलेली एक युक्ती मुद्दाम सांगतो, कारण ती शिकलेल्या माणसांनाही फसवते. साइट उघडताना ‘मी रोबो नाही’ची चौकट येते. टिचकी मारली की पुढची सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही टिचकी मारली त्याच क्षणी त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आणि या तीन दाबांत ती तुम्ही स्वतः चालवता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काही क्षणांत बाहेर जातात. खरी तपासणी चित्रं ओळखायला सांगेल; कीबोर्डवर आज्ञा चालवायला कधीच सांगणार नाही.

तसंच पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारं पान, खाली मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. त्या नंबरवर फोन करून रिमोटचं ॲप टाकलं आणि त्याचा कोड सांगितला, की समोरचा माणूस तुमच्या खुर्चीत बसला असं समजा.

पेनड्राइव्हचं थोडक्यात सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून घरी आलात आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, तर त्यांवर डबलक्लिक करू नका. त्या क्लिकनेच व्हायरस घरच्या मशीनवर उतरतो. आणि पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. तुमच्या फाइली बहुधा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. आधी स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय निवडा आणि सिस्टिम फाइली लपवण्याची खूण काढा. प्रिंटसाठी एक वेगळा रिकामा पेनड्राइव्हच ठेवलात तर उत्तम. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ही, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, चालू करा. विंडोज ती आपणहून लपवतं, त्यामुळे ‘वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘वीजबिल डॉट पीडीएफ’ दिसते.

अपडेट नको, नेट संपतं, मशीन अडकतं, हे मी रोज ऐकतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा विंडोजमधल्या ज्या छिद्रातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून मार्चमध्येच दिलेली होती. जून महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही तेच छिद्र वापरलं, आणि त्याच्या तडाख्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, विंडोज ७ चा तर २०२० मध्येच. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून घ्या. मेल, यूट्यूब, टायपिंग यांसाठी ते छान चालतं. जुन्या विंडोजवर बँकेचा व्यवहार मात्र करू नका.

लागण झालीच तर

पहिलं काम, नेट तोडा. वाय-फाय बंद, केबल काढा. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधी साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे लपून बसलेलेही सापडतात.

पासवर्ड बदलायचेत, पण त्या मशीनवरून नव्हे. तिथे बसून नवा पासवर्ड टाकला तर तोही चोराच्या हाती जाईल. फोनवरून आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या त्यात असतात. मग बँक, मग इतर. बदलून झाल्यावर ‘सगळीकडून साइन आउट’ही करा, नाहीतर जुन्या लॉगिनवर तो आत बसून राहतो.

आणि खात्यातून पैसे गेले असतील तर माझ्याकडे मशीन घेऊन येण्यात अर्धा दिवस घालवू नका. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर येतात. कॉम्प्युटर उद्या बघू.